किल्ली म्हातारीकडे

मु. कातरवाडी, ता. महागाव
७ ऑगस्ट २०१८

प्रिय मंजू,

आधी नमस्कार, मग भांडण. पत्रात वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहायची आपली शाळेतली सवय. पण आता वडीलधारे म्हणायला आपणच उरलो. म्हणून हा नमस्कार तुला आणि वामनरावांना.

शाल्मलीच्या लग्नाला मी आले नाही, म्हणून तू आठ महिने तोंड फुगवून बसलीस. नातीच्या लग्नात बालमैत्रीण नाही म्हटल्यावर राग यायचाच. मी गुडघ्यांचं कारण कळवलं होतं. त्यावर तू लिहितेस, ‘गुडघे मलाही आहेत.’ खरं आहे. तो विषय सध्या राहू दे.

इकडे पाऊस बरा आहे. पऱ्हाटीला पात्या लागल्यात, कापूस बरा येईल असं दिसतं. आमच्या ह्यांचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले ते गेलेच, पण जिभेला काही झालेलं नाही. बाजेवर बसल्या बसल्या सगळ्या घराला कामं सांगतात. सून वैष्णवी माझी काळजी घेते, जरा जास्तच घेते. पिंटू शेत पाहतो आणि माझ्यापासून लपून तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो.

खर्ऱ्याची गंमत सांगते. गेल्या साली पात्या लागताच बोंडअळी पडली आणि निम्म्या शिवाराची माती झाली. शेजारच्या गावात एका घरी फार वाईट झालं, आणि मग गावोगावच्या आयांनी धसका घेतला. जो तो आपापल्या कर्त्या पोराच्या पाळतीवर. आमचा पिंटूही गप्प गप्प झाला होता. मी हातात तांब्या घेऊन त्याच्या मागे शेतभर. एकदा तो गोठ्यामागे गेला आणि लवकर येईना. धावत गेले, तर हा गाल फुगवून उभा! म्हणतो, “माय, आता खर्राबी सुखानं खाऊ देत नाई का?” मी त्याला बदडला. मग रडले. मग दोघंही हसलो.

तेव्हाच गावाच्या सभेत ठरलं की फवारणीचं औषध घरोघर पेटीत कुलपाखाली ठेवायचं आणि किल्ली घरातल्या म्हातारीकडे द्यायची. पोरांवर भरवसा नाही, सुना कामात. म्हातारी कुठं जाते! सगळ्यांना लगेच पटलं. मी किल्ली पदराच्या गाठीला बांधून तहसीलदारणीच्या तोऱ्यात फिरायचे.

आता मुद्द्यावर येते. तू लिहितेस, ‘आमच्याकडे सगळं शांत आहे. ह्यांचा स्वभाव अगदी निवळला. दिवसभर खिडकीपाशी बसून असतात. पुढ्यात ठेवू ते खातात. कुणाला म्हणून त्रास नाही. वय झालं की माणूस असाच शहाणा होतो.’

मंजू, हे मी दोनदा वाचलं. वामनराव आणि पुढ्यात ठेवलेलं खातात? ज्या माणसानं उभ्या संसारात मिठावरून भांडल्याशिवाय एक जेवण केलं नाही? नेरच्या तहसील कचेरीत ज्यांच्या लाल पेनाला साहेबलोक भ्यायचे, जे निवृत्त झाल्यावर पेपरातल्या चुका लाल शाईनं सुधारून ठेवायचे, ते पेपर उघडत नाहीत असं तू त्याच पत्रात खाली लिहिलंयस. वर आनंद मानतेस. अगं, हा शहाणपणा नाही. हा आजार आहे, आणि त्याला औषध आहे. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात. लेकाला, मंदारला, सोबत घे आणि वामनरावांना दाखवून आण.

हे मला कसं कळतं म्हणशील. आमच्याकडे दर गुरुवारी समाजमंदिरात म्हातारेकोतारे जमतो, महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाई येतात, त्यांच्याकडून कळतं. ते जमणं कसं सुरू झालं ती गोष्ट मोठी आहे.

फोन का करत नाही हेही सांगते. तुमच्या घरचा फोन मधल्या टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असा लावतात. आणि हे सगळ्यांसमोर बोलायला अजून माझं मन धजत नाही.

तुझी
कोकिळा


मु. कातरवाडी
११ सप्टेंबर २०१८

मंजू,

पोळा झाला, काल तान्हा पोळाही झाला. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली, त्यांच्या हातावर खाऊ ठेवला आणि आज लिहायला बसले. तुझं पत्र पोळ्याच्या आधीच आलं होतं. लगेच उत्तर दिलं असतं तर रागात वाटेल ते लिहून बसले असते.

तू लिहिलंस, ‘आमच्या घराण्यात कुणाला वेड लागलेलं नाही. ह्यांना वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं तर नेरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शेतात राहून तुला काय कळतं?’

शेवटचं वाक्य मला लागलं. लागू दे. पण वामनराव त्या खिडकीपाशी रोज थोडे थोडे संपत असतील आणि मी मानापमान धरून गप्प बसले, तर माझ्यासारखी मूर्ख मीच. म्हणून आता गुडघ्यांचं खरं सांगते.

माझ्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं.

गेल्या साली ती किल्ली माझ्याकडे आली आणि माझी झोप गेली. पिंटूच्या पायांचा आवाज झाला की मी उठून बसायची. आधी वाटलं, काळजीनं होत असेल. मग पिंटू चांगला हसायला-खेळायला लागला, तरी माझी झोप आली नाही. जेवणाची चव गेली. विहिरीपर्यंत जायचं तर डोंगर चढल्यासारखं व्हायचं. देवाला दिवा लावायची आणि कशासाठी लावला ते आठवायचं नाही. वैष्णवीनं हातातलं एकेक काम काढून घेतलं. “आई, तुम्ही बसा, आता तुम्ही आराम करा.” मायेनंच म्हणायची बिचारी. पण काम गेलं तसं माझं घरातलं मोलच गेलं, असं मला वाटायला लागलं. एक आंधळा म्हातारा आणि एक बसून खाणारी म्हातारी. आपण नसलो तर पोरांचं घर हलकं होईल, हे एकच डोक्यात फिरायचं. मंजू, ते खोटं होतं. पण आजार बोलतो तेव्हा तो आपल्याच आवाजात बोलतो, म्हणून खरं वाटतं.

दवाखान्याची आशाताई घरोघर तब्येती विचारत यायची. “पिंटूभाऊची झोप कशी हाय? जेवतात का बरोबर?” सगळी चौकशी पिंटूची. मी शेजारी बसलेली. एकदा तिनं सहज माझ्याकडे पाहिलं, तर वैष्णवी म्हणाली, “आईचं वय झालं, गुडघे दुखते त्यायचे.” मीही मान हलवली. गुडघे तिथून निघाले, ते थेट तुझ्या मांडवापर्यंत आले.

मग वेचणीचे दिवस आले. सीतादही तुला माहीत आहे. लहानपणी माझ्या माहेरच्या शेतात पऱ्हाटीखाली बसून दहीभात खाल्लायस. घरच्या मोठ्या बाईनं सीतामाईची पूजा करायची, झाडांवर दहीभात शिंपडायचा, पहिलं बोंड वेचायचं. त्याशिवाय वेचणीला हात लावायचा नाही. मी या घरात सून म्हणून आले, नंतर सासू झाले, पण ते कधी चुकलं नाही. गेल्या वर्षी मी बाजेवरून उठले नाही. पिंटू दोन-चार दिवस थांबला. आभाळ भरून यायला लागलं, तेव्हा वैष्णवीनं रडत रडत एकटीनं उरकलं आणि पहिला कापूस आणून माझ्या हातावर ठेवला. मला काहीच वाटलं नाही. कापूस हातावर होता आणि हात माझा नव्हता.

त्यानंतर एका दुपारी सगळे शेतात गेलेले असताना मी पदराची गाठ सोडली आणि पेटीचं कुलूप काढलं.

हे लिहायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं. आता लिहिलंय तर पुढचंही वाच.

ह्यांना दिसत नाही. मी काय करते ते त्यांना कळायचं कारण नव्हतं. पण कुलपाचा आवाज त्यांनी ऐकला. बाजेवरून हाक आली, “अवो, पिंट्याची माय, ह्या टायमाले पेटी कायले उघडून राह्यली?” ते उठले. भिंत चाचपत, उंबऱ्याला ठेचकाळत माझ्यापाशी आले आणि पेटीच्या झाकणावर बसले. बसूनच राहिले. ओरडले नाहीत, रडले नाहीत. म्हणाले, “मले च्या पाजतं का? तुह्याच हातचा पाह्यजे.” मी उठले, चूल पेटवली, चहा केला. त्यांनी माझं मनगट धरूनच तो प्यायला.

संध्याकाळी त्यांनी पिंटूला आणि वैष्णवीला सगळं सांगून टाकलं. मी त्यांच्यावर इतकी चिडले की बोलणंच टाकलं. बायकोची अब्रू अशी पोरांपुढे मांडतात का? ते म्हणाले, “अब्रू घेऊन काय करू? मले तू पाह्यजे.” मंजू, लग्नात घेतलेला उखाणा सोडला तर हा माणूस माझ्याबद्दल एवढं गोड कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी सगळ्यांना बाहेर बसवलं आणि मला म्हणाल्या, “आजी, तुम्ही बोला, घाई नाही.” इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं होतं. मी बोलत गेले, बोलत गेले. गोळ्या दिल्या, त्या लगेच लागू पडल्या नाहीत. मध्ये एक बदलली. शाल्मलीचं लग्न होतं तेव्हा मी दिवसाचा अर्धा वेळ निजून असायची. चार माणसांत मला आणायला पिंटूला भीती वाटत होती, आणि मला तुझ्या नजरेची. संक्रांतीला मी तिळाची पोळी मागून खाल्ली, तेव्हा वैष्णवी माझ्या गळ्यात पडली.

बरं वाटल्यावर पहिलं काम काय केलं असेल? आशाताई आली, पिंटूची चौकशी करायला लागली, तसा मी तिचा हात धरला. म्हटलं, “बस. आधी मले विचार. मंग ह्यायले विचार. पिंट्याचं मंग पाहू.” गुरुवार तिथूनच सुरू झाले. धावजीबुवा येतात, त्यांना पोराचं नावही आठवत नाही. बंजारा तांड्यावरची याडी येते, याडी म्हणजे त्यांच्यात आई, तिला त्यांच्या गोरबोलीशिवाय बोलता येत नाही, म्हणून हिरासिंगभाऊ शेजारी बसून तिचं म्हणणं आम्हाला सांगतो. आधी सगळ्यांना वाटायचं, याडीची अक्कल गेली. अक्कल जागेवर होती. तिच्या बोलीत तिला कुणी विचारलंच नव्हतं. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, प्रत्येकाला विचारायची तऱ्हा वेगळी. पण एकच औषध सगळ्यांना लागतं: ‘वय झालं’ म्हणून त्यांना मोडीत काढायचं नाही.

आता तुला हात जोडते. वामनरावांचं कानाचं मशीन, ते शिट्ट्या मारतं म्हणून तू कपाटात टाकलंयस, ते बाहेर काढ. कानात नीट बसवून घे. आणि डॉक्टरांपुढे तू एक अक्षर बोलू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. शाळेत बाईंनी मला प्रश्न विचारला की उत्तर तू द्यायचीस. बाहेर बाकावर जाऊन बस. नेरात तोंड दाखवायला जागा उरली नाही तर माझ्याकडे ये, इथं भरपूर जागा आहे.

मला वेड लागलं नव्हतं. वामनरावांनाही लागलेलं नाही. त्यांनी मिठावरून पुन्हा एकदा तुझ्याशी भांडावं, एवढंच माझं मागणं आहे.

तुझी, खरं कारण सांगून मोकळी झालेली
कोकिळा


मु. कातरवाडी
२६ ऑक्टोबर २०१८

माझ्या लाडक्या मंजे,

दिवाळीच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडू दे. मंदारजवळ फोन करते म्हणाले होते, पण ही बातमी फोनवर वाया गेली असती. ही तू दोनदा वाचणार, आणि दुसऱ्यांदा मोठ्यानं, घरातल्या सगळ्यांसमोर. आता मला कुणाची चोरी नाही.

वामनराव पोचले हे मंदारनं कळवलं असेलच. त्यानं त्यांना आमच्या दारात सोडलं. किती वाळलेत! दाढी मात्र स्वतः केलेली होती आणि कानात मशीन होतं. विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायचे. मंदार जाताना हळूच म्हणाला, “मावशी, गोळ्यांनी फरक आहे. झोपतात, पेपर हातात घेतात. पण पुढ्यात येईल ते अजून मुकाट्यानं खातात.” मी म्हटलं, दिवाळी होईपर्यंत राहू दे इथं.

पहिले दोन दिवस ते आमच्या ह्यांच्या शेजारी बाजेवर बसून होते. एकाला दिसत नाही, एकाला धड ऐकू येत नाही. ह्यांनी हुकूम सोडला, “वामनराव, पेपर वाचा मले. जोरानं वाचा, म्हंजे तुमालेबी आयकू येईन.” वाचायला लागले. तिसऱ्या दिवशी वैष्णवीकडे लाल पेन मागितलं. घरात नव्हतं. पिंटूनं तेवढ्यासाठी महागावपर्यंत गाडी मारली.

बांधावर बसलो असताना ते मला आपणहून काय म्हणाले ते लिहिते, कारण तोंडावर ते तुला सांगणार नाहीत. म्हणाले, “कोकिळावहिनी, मला वाटायचं, मी बोललो काय आणि न बोललो काय, घर चालतंच आहे. अर्धं ऐकू यायचं नाही, पुन्हा विचारलं की सगळे वैतागायचे. मग मी विचारणंच सोडलं. डॉक्टरांकडे मंजू उठून बाहेर गेली ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझं कुणाला तरी ऐकायचंय.” तू बाहेर बाकावर पदर तोंडाला लावून बसली होतीस म्हणून लिहिलंस. मंजे, आयुष्यात तू गप्प बसून केलेलं हे एवढं एकच काम, पण लाखमोलाचं केलंस.

काल सीतादही झालं.

आणि ते मी केलं. नवी चिंचेच्या रंगाची साडी नेसून केलं. भात मीच लावला होता, दही आदल्या रात्री मीच विरजलं होतं. वैष्णवी “आई, मी करते” म्हणाली, तिला म्हटलं, “तू सून हाय, गुमान ताट धर.” हसली पोरगी. गुरुवारची सगळी फौज मी शेतात बोलावली होती. हिरासिंगभाऊ याडीला बैलगाडीत बसवून घेऊन आला. धावजीबुवांनी मला नेहमीप्रमाणे विचारलं, “बाई, तू कोन?” मी सांगितलं, “मी कोकिळा, ह्या वावराची मालकीन.” एवढ्या लोकांत हे मी मोठ्यानं म्हटलं.

पऱ्हाटीखाली पाच खडे धुऊन मांडले, हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य ठेवला. आजूबाजूच्या झाडांवर दहीभात शिंपडला. मग पहिलं बोंड वेचलं. कापूस हातावर घेतला. मंजे, तो मऊ होता. थोडा उन्हानं तापलेला होता. हात माझा होता. मी तिथंच उभ्यानं रडले. गेल्या वर्षी मला रडूही येत नव्हतं, म्हणून हे रडणं मी चांगलं थाटात, आवाज काढून केलं. ह्यांनी घाबरून विचारलं, “काहून रडून राह्यली?” म्हटलं, “बरं वाटून राह्यलं म्हनून.” मग याडीही रडायला लागली, आणि रडता रडता तिनं तिच्या बोलीत गाणं धरलं. धावजीबुवा कुणाकडे न बघता वेचायला लागले. पोराचं नाव गेलं, पण बोटं काही विसरली नाहीत. पाचोळ्याचा कण न लावता बोंडामागून बोंड मोकळं करत होते. त्यांचा पोरगा बघत राहिला.

मग सगळे पंगतीला बसलो. पळसाच्या पानावर दहीभात वाढला. वामनरावांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मला वाटलं, ठसका लागला. पान जरा पुढे सरकवून ते म्हणाले, “वहिनी, याच्यात मीठ कुठाय?”

मी मुद्दाम म्हटलं, “हाय की, घातलं.”

“कुठं घातलं? शेजारच्या वावरात? भात गिचका झालाय, दह्याला आंबटपणा नाही, आणि मीठ तर नावाला नाही. एवढी वर्षं मंजूला सांगतोय, आता तुम्हालाही सांगायचं का?”

मंजे! आमचे हे जागच्या जागी टाळ्या पिटायला लागले. “बोलले! वामनराव बोलले!” वामनराव आधी चिडले, मग इकडेतिकडे पाहिलं आणि हसले. दात दिसेपर्यंत हसले. वैष्णवी मिठासाठी घराकडे पळत निघाली, तिला मी पदर धरून थांबवलं. म्हटलं, “थांब थोडी. त्यायले अजून एकडाव म्हनू दे.” आणि त्यांनी खरंच पुन्हा म्हटलं, जास्त जोरात.

मीठ मी विसरले नव्हते, मंजे. मुद्दाम घातलं नव्हतं. सीतामाई मला माफ करेल, तिच्यासाठी वेगळा नैवेद्य काढून ठेवला होता.

आता ते परत येतील तेव्हा तुझ्या घरची शांतता संपली असं समज. वरणाला नावं ठेवतील, पेपर लाल करतील, मशीन शिट्टी मारतंय म्हणून मंदारवर ओरडतील. सगळं ऐकून घे, आणि देवापुढे साखर ठेव. गोळ्या मात्र बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू देऊ नकोस. माझ्याही अजून चालू आहेत. जेवणानंतर हे आठवणीनं विचारतात. आणि पुन्हा कधी ते फारच शहाणे झाले, तर वाट बघत बसू नकोस, दवाखाना गाठ.

किल्लीचं विचारलं होतंस. ती आता माझ्याकडे नाही, कुठल्याच म्हातारीकडे नाही. यंदाच्या सभेत मी उभी राहिले आणि गेल्या साली पेटी कुणी उघडली होती ते सगळ्या गावासमोर सांगितलं. कुणी हसलं नाही. दोन म्हाताऱ्यांनी मात्र आपल्या पदराच्या गाठी तिथंच सोडल्या आणि किल्ल्या सभेपुढे ठेवल्या. आता औषध गावाच्या कोठीत असतं, कुलपं दोन आणि किल्ल्या दोन घरांत. एकट्यादुकट्याला ती कोठी उघडत नाही. आमच्या पेटीत वैष्णवीनं सीतादह्याचं पितळी भांडं ठेवलंय आणि वर माझी ही साडी. कुलूप नाही. झाकण वाजलं की हे अजून बाजेवरून विचारतात, “काय काढून राह्यली?” आणि मी सांगते, “साडी काढून राह्यली, मंजीकडे जाऊन राह्यली.”

दिवाळीनंतर वामनरावांना घेऊन मी स्वतः येते. शाल्मलीलाही बोलावून घे, तिच्या लग्नाची राहिलेली ओटी भरायची आहे. गुडघे ठणठणीत आहेत.

तुझी, गेल्या साली जाता जाता राहिलेली आणि यंदा घट्ट मुक्कामाला असलेली,
कोकिळा